आखाजीला दिलेली इंग्रजी शिवी

मला अजून राग आहे, हे आधीच सांगून टाकते. म्हणजे पुढे वाचताना कुणाला वाटायला नको की म्हातारी आता सगळं विसरून, सगळ्यांना माफ करून हात जोडेल. माझी सून म्हणते, अक्का, किती वर्षं झाली, सोडा ना आता. सोडायला माझी हरकत नाही, पण धरलेलं असतं तर सोडलं असतं. त्यानेच मला धरलंय. परवा नात अभ्यासाला बसली होती. तिला परदेशातल्या कॉलेजची परीक्षा द्यायची आहे, त्यासाठी इंग्रजीतले अवघड अवघड शब्द पाठ करावे लागतात. मोबाइल रोज तिच्यापुढे नवे शब्द टाकतो आणि बरोबर आलं की टाळ्या वाजवतो. एका शब्दावर ती अडली. मी भाजी निवडत होते, तिथूनच म्हटलं, "अगं, ती आमची मथाकाकू." तिने मोबाइल बाजूला ठेवला. मग मी तिला सांगितलं की गॅर्युलस म्हणजे जिच्या तोंडाला टाका नाही अशी बडबडी बाई, आणि तशी मथाकाकू होती. नातीला फार हसू आलं. आजी, तू हे कुठे शिकलीस, तू तर मॅट्रिकच ना, म्हणाली. हो बाई, मॅट्रिकच. का मॅट्रिकच, ते या प्रकरणात लिहिते.

आमचं गाव शिरपूरच्या अलीकडे, एका नाल्याच्या काठाला. नाल्याच्या पलीकडे दुसरं गाव. मधे पाणी चार महिने, बाकी वाळू. घर धाब्याचं, म्हणजे वर मातीची सपाट गच्ची, उन्हाळ्यात सगळ्या बायांचा संसार त्या धाब्यावर. पापड वर, कुरडया वर, ज्वारीचे बिबडे वर, मिरच्या वर. खाली माय पहाटे जातं ओढायची. त्या घरघरीत मला झोप जास्त लागायची, आणि जातं थांबलं की जाग यायची, कारण त्याचा अर्थ आता माझं नाव पुकारलं जाणार. आबा पहाटेच शेतात. कापूस, भुईमूग, थोडी मिरची. आबा कमी बोलत, पण जे बोलत ते घरात दगडासारखं पडून राही, त्याला कुणी हलवत नसे. आणि माझा मोठा भाऊ, दादा. दादा धुळ्याला कॉलेजात. गावातला कॉलेजात गेलेला पहिला मुलगा. सुट्टीत घरी आला की पँट घालून ओट्यावर बसायचा आणि लोक त्याच्याकडे कागद घेऊन यायचे. खताच्या थैलीवर काय लिहिलंय, औषधाच्या बाटलीवर काय लिहिलंय, तार आली तर तीत काय आहे. दादा वाचायचा आणि सांगायचा. तो काय सांगतो ते बरोबर की चूक, हे बघणारं गावात दुसरं कोण होतं? सुट्टीत मास्तरसुद्धा आपल्या गावी जात. तेव्हा इंग्रजी म्हणजे दादा आणि दादा म्हणजे इंग्रजी, असं आमच्या गावाने ठरवून टाकलं होतं. दादानेही मग तेच ठरवलं.

दादाने धुळ्याहून एक जाडजूड डिक्शनरी आणली होती. इंग्रजीचा अर्थ इंग्रजीतच सांगणारी. तिच्यात मराठीचा ठिपकासुद्धा नव्हता. पहिल्या वर्षी प्राध्यापकांनी सांगितलं म्हणून घेतली. मग त्याला गाइडं मिळाली आणि डिक्शनरी आमच्या धाब्यावर चढली, धोतर वाऱ्याने उडू नये म्हणून त्याच्या कोपऱ्यावर ठेवायला. धोतरावर बिबडे वाळत असायचे. कावळे हाकलायचं काम माझं. डोक्यावर ओला पंचा घेऊन मी तिथे बसायची, हातात काठी, आणि दुसऱ्या हाताने ते जाड पुस्तक उघडायची. शाळेत पाचवीपासून इंग्रजी होतं, तेवढ्या भांडवलावर. एक शब्द बघावा तर त्याचा अर्थ सांगायला दुसरे तीन शब्द, त्या तिघांपैकी दोन अनोळखी. मग त्या दोघांची पानं शोधायची. त्यातला एक परत पहिल्याकडेच पाठवायचा. म्हणजे सरकारी कचेरीतला कारभार, या टेबलावरून त्या टेबलावर. पण मला त्याचा कंटाळा आला नाही. शोधता शोधता एखाद्या वेळी सगळे शब्द एकाएकी उजळायचे, आणि मग मला इतका आनंद व्हायचा की एकदा तेवढ्यात कावळ्याने दोन बिबडे नेले आणि मायने पाठीत धपाटा घातला. सुट्टीनंतर शाळा उघडली की मी मास्तरांना विचारायची, सर, हे असं असं आहे, बरोबर का? मास्तरांच्या कपाटात छोटी मराठी अर्थाची डिक्शनरी होती. ते बघायचे आणि बहुतेक वेळा हो म्हणायचे.

लिहून ठेवायला वेगळा कागद कोण देणार मला. म्हणून मी दुसरी युक्ती केली. प्रत्येक शब्द एकेका माणसाला देऊन टाकायचा. आमचा बांड्या बैल ऑब्स्टिनेट, कारण त्याला औताला जुंपलं की तो जमिनीला चिकटायचा. गॅर्युलस मथाकाकू. चुलतकाका व्होरेशस, पंगतीत बसले की वाढणाऱ्याचा हात दुखायचा. देवळातला गुरव इंडोलंट, म्हणजे अंग हलवायचा कंटाळा असलेला. आमच्या पिंपळाखाली बसणारे दोघे तर इतक्या शब्दांचे मालक होते की त्यांना कळलं असतं तर त्यांनी भाडं मागितलं असतं. चांगले शब्दही होते हो. माय बेनेव्होलंट होती, म्हणजे सगळ्यांचं भलं बघणारी. पण खरं सांगते, वाईट शब्द चटकन माणसावर बसतात. विहिरीवर पाणी भरायला गेले की मी मनातल्या मनात हजेरी घ्यायची. समोरून कोण येतंय, त्याचं नाव नाही, त्याचा शब्द आधी आठवायचा. आता मुलाकडे जळगावात असते, तिथे आजही मेहरूणच्या तळ्यावर सकाळी फिरायला जाते तेव्हा तेच करते. तिथे एक गृहस्थ रोज छाती काढून चालतात, त्यांचा शब्द मी इथे लिहीत नाही, ते वाचतात.

मॅट्रिकची परीक्षा देऊन झाली होती. निकाल लागायचा होता, पण मास्तरांनी सुट्टीवर जायच्या आधी आबांना ओट्यावर गाठून सांगितलं होतं की पोरीला पुढे शिकवा, हिचं इंग्रजी आपल्या तालुक्यात कुणाचं नसेल. जळगावला माझा मामा होता, मेहरूणला राहायचा. मामी म्हणाली होती, येऊ द्या तिला, माझ्या दोन पोरींत तिसरी. म्हणजे राहायची सोय होती, खायची होती, फी माफ होणार होती. फक्त आबांनी हो म्हणायचं होतं. आबा नाही म्हणाले नव्हते. माझ्यासाठी ते फार होतं. "आखाजी होऊ दे, मंग दखू," म्हणजे मग बघू, एवढंच ते म्हणाले. मी त्यावर रात्रंदिवस जगत होते. ट्रंक कुठली घ्यायची, दोन परकर-पोलकी कुठली, हे मी मनात ठरवून टाकलं होतं. माय मला पुरण वाटायला बसवायची आणि माझे हात पाट्यावर नि डोकं जळगावात.

आखाजी म्हणजे अक्षयतृतीया. बाकीच्या महाराष्ट्रात त्या दिवशी सोनं घेतात म्हणे, आमच्याकडे पोरी मोकळ्या सुटतात. सासरच्या पोरी माहेरी येतात, निंबाच्या फांद्यांना झोके बांधतात, गौराईची गाणी म्हणतात. घरात सांजोऱ्या तळल्याचा वास, खापरावर मांड्यासारखी मोठी पुरणपोळी, आंब्याचा रस, पितरांना घागर. पुरुष पत्ते कुटत बसतात आणि त्या दिवशी त्यांना कुणी बोलत नाही. आणि आमच्याकडे एक रीत होती. दुसऱ्या दिवशी दोन्ही गावांच्या पोरी नाल्याच्या दोन काठांवर यायच्या, गौराई घेऊन, आणि एकमेकींना शिव्या द्यायच्या. मोकळ्या गळ्याने, हात नाचवून, ओव्यांसारख्या जोडून जोडून. तुझी भाकर, तुझं नाक, तुझा होणारा नवरा, तुझ्या बापाची मिशी. वर्षभर मान खाली घालून चालणाऱ्या पोरी त्या दिवशी काय काय बोलायच्या, बाई बाई. आणि त्याचा राग धरायचा नाही, हा कायदा. उलट शिव्या झाल्या की वर्ष बरं जातं असं जुन्या बाया म्हणायच्या. एका काठाने दिली की दुसऱ्या काठाने फेडायची. ज्यांना उत्तर सुचलं नाही ते हरले.

पलीकडच्या गावात कौशी नावाची मुलगी होती. माझ्याच वयाची, उंच, आवाज असा की नाल्याच्या वळणापर्यंत जाई. दगडूनानांची मुलगी. तिला दरवर्षी आमच्यातली कुणी पुरी पडायची नाही. त्या वर्षी तिने सुरुवातच माझ्यापासून केली. मी जळगावला जाणार हे पलीकडे कळलं होतं. "तुन्ही भाकर कुत्रं बी खात नही, आनि चालनी इंग्रजी शिकाले," म्हणाली. तिच्या मागच्या सगळ्या हसल्या. मग मला मडम केलं, मग माझ्या होणाऱ्या नवऱ्याला खानसामा केलं, मग तो मला फटफटीवर बसवून नेताना मी कुठे पडणार तेही सांगितलं. गंमत अशी की फार छान सांगितलं. मला स्वतःला हसू येत होतं. पण आमच्या काठावरच्या पोरी माझ्याकडे बघत होत्या. माझी मैत्रीण सुमन कानाशी कुजबुजली, अगं बोल काहीतरी, हरतोय आपण. आणि माझ्या तोंडात आमच्या बोलीतलं काही येईना. आले ते धाब्यावरचे शब्द. मी हात कमरेवर ठेवले आणि मास्तरांच्या सुरात एकामागे एक म्हटले. व्होसिफरस. सुपरसिलियस. लुग्युब्रियस. पहिला म्हणजे घसा फोडून ओरडणारी, दुसरा म्हणजे नाक वर करून चालणारी, तिसरा म्हणजे रडतोंडी. यांतला तिसरा तर तिला शोभतही नव्हता, पण त्याचा आवाज मला आवडायचा. जिभेला व्यायाम होतो. मी तो तीनदा म्हटला.

पलीकडचा काठ गप्प झाला. कौशीने तोंड उघडलं, मिटलं. आमच्या पोरींनी जो काही कल्ला केला, टाळ्या, फुगड्या, गौराईला डोक्यावर घेऊन घरापर्यंत गाणं. सुमन तर सगळ्या गल्लीला सांगत सुटली की आपल्या इमलने पलीकडच्यांची बोलती बंद केली. माझं नाव विमल, गावाच्या तोंडी इमल. मायने मला पाहिलं, तिला काही कळलं नाही, पण मी इतकी खूश होते की तिने माझ्या हातावर एक गरम सांजोरी ठेवली. मी ती उभ्या उभ्या खाल्ली. तिची चव मला आठवते. पुढच्या गोष्टीच्या आधीची ती शेवटची गोड चव म्हणून आठवत असेल.

ऊन उतरल्यावर दगडूनाना आले. बरोबर त्यांच्या गावचे दोन वडीलधारे. आमच्या ओट्यावर घोंगडी टाकली, पाणी दिलं, आबा पत्त्यांवरून उठून आले. दादा होताच. माय दाराच्या आत, मी तिच्या मागे. नाना भांडायला आले नव्हते, हे मला आज पटतं. त्यांचं म्हणणं सरळ होतं आणि त्यांच्या परीने बरोबरही होतं. ते म्हणाले, "शिव्या देवो, आखाजी शे. पन समजी अशी देवो. आम्हनी पोरले काय बोलनी ती, ते माले समजाडी द्या." शिवी कळली तर फेडता येते, विसरता येते. न कळणारी शिवी घेऊन माणसाने घरी काय करायचं? त्यांच्या गावात तोवर त्या तीन शब्दांचे तीसेक अर्थ निघाले होते, एकाहून एक घाण.

आबांनी मला बाहेर बोलावलं. "इमल, काय बोलनी तू?"

मी सांगितलं. तिन्ही शब्द, तिन्ही अर्थ. "रडतोंडी म्हनं मी तिले, आबा. वंगाळ काही नही." मला अजिबात भीती वाटत नव्हती. खरं सांगत असल्यावर भीती कसली, अशी माझी तेव्हा समजूत. दगडूनानांच्या कपाळावरच्या आठ्या थोड्या सैलही झाल्या होत्या. त्यांच्यातला एक जण हसला. आणि आबा दादाकडे वळले. वळायलाच हवं होतं त्यांनी. घरात इंग्रजी असताना पोरीच्या शब्दावर कोण थांबेल. "खरं शे का रे?"

दादाला ते शब्द येत नव्हते. हे मी आत्ता लिहितेय तितक्याच स्पष्टपणे मला त्या क्षणी त्याच्या तोंडावर दिसलं. त्याची नजर माझ्यावरून ओट्याच्या कडेला गेली, तिथून नानांच्या पागोट्यावर. त्याला एवढंच म्हणायचं होतं, हो. माझ्या बोलण्यावर हो. किंवा म्हणायचं, मला माहीत नाही, बघून सांगतो. डिक्शनरी आत कोनाड्यात होती. मीच म्हटलं, दादा, पुस्तक आणू का? आणि तेवढ्याने तो बिथरला असावा, कारण पुस्तक उघडलं असतं तर त्याला सगळ्यांसमोर शोधत बसावं लागलं असतं, आणि शोधून कोण देणार, मी. तो खालच्या आवाजात, कॉलेजातल्या शुद्ध मराठीत म्हणाला, "आबा, ते मला इथे सांगता येणार नाही. माय बसली आहे."

झालं. दोन वाक्यांत माझी वाट लागली. मी ओरडले, दादा, खोटं बोलू नको. त्यावर आबांनी हात उचलला, मारला नाही, नुसता उचलला, पण तो हात त्यांनी माझ्यावर कधीच उचलला नव्हता. माय आतून म्हणाली, "मनी पोर वंगाळ बोलनार नही." कुणी ऐकलं नाही. आणि ज्या गोष्टीने आजही माझं रक्त तापतं ती ही, की दगडूनानांनी दादाकडे कौतुकाने बघितलं. "पोरगा शिकेल शे, पन लाज शे त्याले," ते म्हणाले. बाकीच्यांनी माना हलवल्या. बघा, शिकूनसुद्धा आईसमोर तोंडातून अक्षर काढलं नाही. दादा मान खाली घालून उभा, आणि ती मान खोटेपणाने खाली गेलेली आहे हे ओट्यावर एकट्या मला ठाऊक. मी म्हटलं, मास्तरांना येऊ द्या, त्यांना विचारा. आबा म्हणाले, ही घाण घेऊन मी मास्तरांच्या दारात जाऊ?

दुसऱ्या दिवशी मला पलीकडे नेलं, कौशीच्या आईच्या पाया पडायला. पडले. कौशी मला परसात घेऊन गेली आणि म्हणाली, खरं सांग, काय म्हणालीस. मी सांगितलं. ती इतकी हसली की तिला दगडावर बसावं लागलं. "आग, तूच रडतोंडी," म्हणाली, आणि फेड झाली. तिने घरात जाऊन सांगितलंही. तिच्या आईने तिला गप्प केलं, इमल आता सारवासारव करते म्हणाली. दोन पोरींना कळत होतं आणि दोन गावांना कळत नव्हतं. पण पोरींना कोण विचारतो.

आबांनी मग एकच वाक्य टाकलं. इंग्रजीने पोरीच्या तोंडात हे आलं, आता पुरे. मामाला निरोप गेला. निकालात मी पास झाले, इंग्रजीत पहिली, तो कागद कोणी पाहिलाही नाही. दादा धुळ्याला परत जाण्याच्या आदल्या दिवशी मी त्याला गोठ्यात गाठलं. भांडायला नव्हते गेले, भीक मागायला गेले होते. एकट्या आबांना सांग, म्हटलं, कुणाला कळणार नाही, मला जाऊ देतील. तो बैलाच्या पाठीवरून हात फिरवत राहिला. मग म्हणाला, "मला येत नव्हतं म्हणून सांगू? आता? आबांना काय वाटेल, विमल?" त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. मला तेव्हा वाटलं हे माझ्यासाठी आहे. आता वाटतं, नव्हतं. जाताना तो डिक्शनरी ट्रंकेत घालून घेऊन गेला. आबांनीच सांगितलं, घरात ठेवू नको.

वर्षाच्या आत माझं लग्न झालं, फैजपूरकडे, केळीच्या मळ्यात. नवरा चांगला होता, याबद्दल माझी तक्रार नाही. तो कमी शिकलेला, पण मी खताच्या गोणीवरचं आणि फवारणीच्या डब्यावरचं वाचून दाखवायची तेव्हा दहा माणसांत म्हणायचा, आमच्या घरात वाचणारी ही. औषधाच्या खोक्यातली ती बारीक अक्षरांची घडी असते ना, ती मी जपून ठेवायची. केळीच्या ट्रकवाल्यांकडून जुने इंग्रजी पेपर मागायची. शब्द मिळवायला मला कधी कुणी लागलं नाही. पण शब्द मिळवून मी काय झाले असते, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या बरोबर चालतो. केळीला पाणी देताना, डोहाळजेवणं करताना, पोरांच्या फीच्या रांगेत उभी असताना. दादा काय झाला, ते मात्र लिहिलं पाहिजे. दादा इंग्रजीचा शिक्षक झाला. धुळ्याला, हायस्कुलात. हेडमास्तर होऊन निवृत्त झाला. सत्काराला मी गेले होते. भाषणात कुणीतरी म्हणालं की सरांनी खेड्यातल्या मुलींना इंग्रजीची गोडी लावली. मी टाळ्या वाजवल्या नाहीत. शेजारची बाई बघत होती, बघू दे.

या हिवाळ्यात त्याचं हृदयाचं ऑपरेशन झालं, म्हणून धुळ्यात देवपूरला त्याच्या घरी गेले. बारीक झाला आहे. गादीवर उशा लावून बसवला होता, हातात मोबाइल. जुन्या गोष्टी निघाल्या. माय, बांड्या बैल, झोके. त्याची सून आत चहा टाकत होती. मग तोच हसत म्हणाला, "काय मजा होती गं तेव्हा. आणि तू ती कौशीला दिलेली शिवी. काय होती गं ती? मला कधी कळलंच नाही."

मला वाटलं होतं, इतक्या वर्षांत एकदा तरी, रात्री झोप येत नसेल तेव्हा, वर्ग सुटल्यावर रिकाम्या खोलीत, त्याने त्यांतला एखादा शब्द काढून पाहिला असेल. पाहिला असेल आणि त्याला लाज वाटली असेल आणि म्हणून तो बोलत नसेल. मी त्याच्या गप्प राहण्याला इतकी वर्षं पश्चात्ताप समजत आले. त्याने पाहिलंच नव्हतं. मुलांना शब्दार्थ शिकवत त्याने नोकरी केली आणि ज्या तीन शब्दांवर माझं कॉलेज गेलं त्यांतला एकही शोधायची त्याला गरजच वाटली नाही.

"मोबाइलमध्ये बघ," मी म्हटलं.

जाऊ दे, चष्मा कुठे आहे कोण जाणे, तो म्हणाला. चष्मा टीपॉयवर होता. मी उठून त्याच्या हातात दिला. तिसऱ्या शब्दाचं, लुग्युब्रियसचं स्पेलिंग सांगितलं, एकेक अक्षर, हळू, तो एका बोटाने दाबत गेला. कुठेतरी भलतीकडे बोट लागलं आणि मोबाइलमधून एका बाईने तो शब्द मोठ्याने उच्चारला, भर दिवाणखान्यात. सून कप घेऊन आली, तिने काय लावलंय म्हणून विचारलंसुद्धा नाही. दादाने चष्मा सावरला आणि मराठी अर्थ वाचला. शोकाकुल. खिन्न. रडवेला. मग बोटाने पान वर सरकवलं, खाली आणखी काही आहे का बघायला. परत वर आला. परत खाली गेला.

"एवढंच?" तो म्हणाला.

"एवढंच."

त्याने मोबाइल पालथा ठेवला. मी पिशवी उचलली. सून म्हणाली, अक्का, चहा तरी घ्या. मी म्हटलं, नको गं, जळगावची गाडी चुकेल. गाड्या तर रात्रीपर्यंत असतात.